लेओनार्ट ऑयलर आणि दुसरी वाट

थोर पुरुषांची चरित्रे त्यांच्या जन्मापासून सांगण्याची रीत आहे. प्रस्तुत चरित्राचा आरंभ मात्र आम्ही आमच्या शाळेच्या संगणकवर्गातील एका लहानशा फजितीने करीत आहोत. कारण त्या फजितीनेच या पुरुषाचे स्मरण आम्हांस करून दिले.

गतवर्षीच्या पावसाळ्यात एके दिवशी दुपारच्या तासास वर्गातील सर्व संगणक एकाएकी मुके झाले. आमच्या या वर्गात संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन पेट्या आहेत. त्यांस स्विच म्हणतात. टपालकचेरीतील कारकून जसा प्रत्येक पाकिटावरील पत्ता वाचून ते योग्य त्या थैलीत टाकतो, तसा स्विच हा येणाऱ्या प्रत्येक संदेशावरील पत्ता पाहून तो योग्य त्या तारेवर रवाना करतो. दोन्ही पेट्या एका तारेने जोडलेल्या होत्या. वरळीच्या बीडीडी चाळीतून येणारा नववीतील एक विद्यार्थी त्या दिवशी वर्गाची झाडलोट करीत असता त्याला एक तार नुसतीच लोंबताना दिसली. तार अशी मोकळी राहणे बरे नव्हे, असे वाटून त्याने तिची दोन्ही टोके दोन पेट्यांत नीट बसवली. क्षणार्धात दोन्ही पेट्यांवरील झाडून सारे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले आणि काम ठप्प झाले. अर्ध्या तासाने ती तार उपटली तेव्हा कोठे सर्व पूर्ववत् सुरू झाले.

मुलगा खजील झाला. पण त्याने नंतर विचारलेला प्रश्न त्याच्या चुकीहून कितीतरी मोलाचा होता. एका तारेने जर दोन पेट्या जोडल्या जातात, तर दोन तारांनी त्या अधिक घट्ट जोडल्या जावयास हव्यात. मग अधिकाने उणे कसे झाले? आणि दुसरी तार जर अशी घातकच असेल, तर मोठमोठ्या कचेऱ्यांत व इस्पितळांत पैसा खर्चून दोन दोन वाटा मुद्दाम का ठेवलेल्या असतात? त्या दिवशी आम्हांस त्याचे पूर्ण समाधान करता आले नाही. उत्तर शोधता शोधता आम्ही ज्या पुरुषापाशी जाऊन पोहोचलो, तो १७८३ सालीच निवर्तला होता. तारायंत्र, दूरध्वनी, संगणक यांपैकी काहीच त्याने पाहिले नाही. तथापि वाटांच्या शास्त्राचा पाया त्यानेच घातला. त्याचे नाव लेओनार्ट ऑयलर.

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल या नगरात झाला. त्याचे वडील पॉल ऑयलर हे पाळक होते आणि आईही पाळकाच्याच घरची मुलगी होती. लेओनार्ट अगदी लहान असतानाच हे कुटुंब जवळच्या रीहेन या खेड्यात राहावयास गेले. वडिलांनी तरुणपणी याकोब बेर्नुली या विख्यात गणितज्ञाची व्याख्याने ऐकली होती. त्यामुळे मुलाला गणिताचे पहिले धडे घरीच मिळाले. तेराव्या वर्षी तो बाझलच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे याकोबचा धाकटा भाऊ योहान बेर्नुली शिकवीत असे. त्याने या मुलास खासगी शिकवणी देण्याचे साफ नाकारले. परंतु कठीण ग्रंथ स्वतः वाचावेत आणि जेथे अडेल तेवढे शनिवारी दुपारी येऊन विचारावे, एवढी मोकळीक दिली. गुरूचा वेळ व्यर्थ जाऊ नये म्हणून विचारावयाच्या शंका होता होईल तो कमी असाव्यात, अशी लेओनार्टची धडपड असे. आणि शंका कमी करण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे आठवडाभर स्वतः झगडणे. आजच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मुलाने आपल्यामागे पाळकाचे काम पत्करावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्याप्रमाणे त्याने धर्मशास्त्र, ग्रीक व हिब्रू यांचे अध्ययनही सुरू केले. परंतु योहान बेर्नुलीने वडिलांची समजूत घातली आणि वडिलांनी मोठ्या मनाने मुलास मोकळे केले. अशा रीतीने आयुष्याची पहिली आखलेली वाट सुटली. ऑयलरची श्रद्धा मात्र अखेरपर्यंत ढळली नाही.

१७२७ साली पॅरिसच्या अकादमीने जहाजावर डोलकाठ्या कोठे व कशा उभाराव्यात, या विषयावर निबंध मागविले. स्वित्झर्लंडला समुद्र नाही. तरीही एकोणीस वर्षांच्या ऑयलरने केवळ गणिताच्या बळावर निबंध पाठविला आणि दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळविला. त्याच सुमारास बाझलच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाची जागा रिकामी झाली. त्याने अर्ज केला. निवड झाली नाही. ही दुसरी वाट बंद झाली. योहानचा मुलगा डॅनिएल बेर्नुली याने रशियातून त्याला आधीच बोलावणे धाडले होते. सेंट पीटर्सबर्ग येथे नवीन अकादमी निघाली होती, पण मोकळी असलेली जागा शरीरशास्त्राच्या शाखेत होती! ऑयलरने मुकाट्याने शरीरशास्त्राचा अभ्यास केला आणि तो निघाला. १७ मे १७२७ रोजी तो त्या नगरात पोहोचला. त्याच दिवशी अकादमीची आश्रयदाती महाराणी पहिली कॅथरिन मरण पावली. अकादमीचे भवितव्य डळमळू लागले. काही काळ ऑयलरने रशियन आरमारात वैद्यकीय खात्याची नोकरी पत्करून दिवस काढले. पुढे परिस्थिती निवळली आणि १७३३ साली डॅनिएल मायदेशी परतल्यावर गणिताचे मुख्य अध्यापकपद त्याच्याकडे आले. पुढल्याच वर्षी काटारिना ग्झेल या चित्रकाराच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. त्यांना तेरा अपत्ये झाली. त्यांतील पाचच बालपण ओलांडून जगली. मांडीवर मूल आणि समोर गणिताचा कागद, असे त्याचे काम चाले, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

१७३५ साली त्याला प्राणघातक ज्वर आला. त्यातून तो वाचला. परंतु १७३८ पर्यंत उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. नकाशे काढण्याच्या अतिश्रमामुळे डोळा गेला, असे त्याला स्वतःला वाटे.

ज्वराच्या त्याच वर्षी, २६ ऑगस्ट १७३५ रोजी, त्याने अकादमीपुढे एक निबंध वाचला. विषय दिसावयास पोरखेळाचा होता. प्रशियातील कोनिग्सबर्ग या नगरातून प्रेगेल नदी वाहते. नदीत एक बेट आहे, आणि नदीच्या शाखांमुळे नगराचे एकंदर चार भाग पडतात. त्या काळी या चार भागांना जोडणारे सात पूल होते. प्रत्येक पुलावरून एकदाच आणि फक्त एकदाच जाऊन सर्व सात पूल फिरता येतील काय, असे कोडे तेथील लोक घालीत. पुष्कळांनी प्रयत्न केला. कोणास साधले नाही. पण ते साधणारच नाही असेही कोणी सिद्ध केले नव्हते.

ऑयलरने पाहिले की, येथे पुलाची लांबी, नदीची रुंदी, रस्त्यांची वळणे यांचा काडीमात्र संबंध नाही. कोणता भाग कोणत्या भागाशी किती पुलांनी जोडला आहे, एवढेच महत्त्वाचे. वाटेत लागणाऱ्या कोणत्याही भागात आपण एका पुलाने शिरतो आणि दुसऱ्याने बाहेर पडतो. म्हणजे पूल जोडीजोडीने खर्च होतात. तेव्हा जेथे पुलांची संख्या विषम असेल तेथे प्रवासाचा आरंभ किंवा शेवट तरी व्हावयास हवा. असे भाग दोहोंपेक्षा अधिक असतील तर फेरी अशक्य. कोनिग्सबर्गच्या बेटाला पाच पूल आणि उरलेल्या तिन्ही भागांना तीन तीन, चारही विषम. कोडे संपले! अकादमीच्या ग्रंथात हा निबंध १७४१ साली छापून आला. भाग म्हणजे ठिपके आणि पूल म्हणजे रेषा, ही आज आपण काढतो ती आकृती पुढील लोकांनी काढली. पण तिच्यामागील विचार ऑयलरचा. त्यातूनच जाळ्यांचे संपूर्ण शास्त्र निघाले.

आम्ही नववीच्या मुलांना जांबोरी मैदानाभोवतीच्या गल्ल्यांचा नकाशा काढावयास लावला आणि प्रत्येक गल्ली एकदाच तुडवून घरी परतता येते का, ते शोधावयास सांगितले. मुलांनी प्रथम पायांनी आणि मग ऑयलरच्या नियमाने उत्तर काढले. पायांना संध्याकाळ लागली. नियमाला पाच मिनिटे पुरली.

आता त्या सात पुलांकडे दुसऱ्या दृष्टीने पाहा. चार भागांतील लोकांची ये-जा चालू राहावी, एवढाच हेतू असेल तर किती पूल पुरेत? तीन. पहिला भाग दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी. म्हणजे सातांपैकी चार पूल वरकड झाले. हिशेबी माणसाला ही उधळपट्टी वाटेल. पण त्या नगराचे कोणतेही दोन पूल एकाच वेळी कोसळले, असे मनात आणून रेघोट्या ओढून पाहा. नगराचा एकही भाग तुटत नाही. तुटावयास किमान तीन पूल पडावे लागतात. आणि ही केवळ कल्पना नव्हे. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली या नगरावर बाँबवर्षाव झाला, त्यात सातांपैकी दोन पूल नाहीसे झाले. उरलेल्या पुलांच्या आकृतीत चारही भाग एकमेकांशी जोडलेलेच राहतात. तेव्हा वरकड हा शब्द किती जपून वापरला पाहिजे, हे ध्यानात यावे.

१७४१ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या निमंत्रणावरून ऑयलर बर्लिनला गेला आणि तेथे पंचवीस वर्षे राहिला. राजाला चटकदार बोलणारे दरबारी आवडत. हा साधा, देवभीरू, अल्पभाषी गणिती त्याच्या मनास कधी आला नाही. त्याच्या एका डोळ्यावरून राजा थट्टाही करी. ऑयलरने थट्टेला उत्तर दिले नाही. तो लिहीत राहिला. राजघराण्यातील एका तरुण मुलीला विज्ञान समजावे म्हणून त्याने लिहिलेली दोनशेंहून अधिक पत्रे पुढे ग्रंथरूपाने निघाली आणि युरोपातील अनेक भाषांत वाचली गेली. आपल्या विषयाशी अधिक निगडित अशी गोष्ट म्हणजे १७५० साली त्याला आढळलेला एक नियम. कोणताही सपाट बाजूंचा, पोकळ्या नसलेला घनाकार घ्या. त्याच्या कोपऱ्यांच्या संख्येतून कडांची संख्या वजा करा आणि बाजूंची मिळवा. उत्तर नेहमी दोनच येते. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे ८, कडा १२, बाजू ६, उत्तर २. हाच नियम कागदावर काढलेल्या जाळ्यालाही लागतो, मात्र बाहेरची मोकळी जागा हीदेखील एक बाजू धरावी लागते. त्यावरून असे निघते की, जोडणीत रेषांनी बंदिस्त झालेली जितकी घरे असतात, तितक्याच वाटा वरकड असतात. कोनिग्सबर्गच्या आकृतीत अशी घरे चार आहेत आणि वरकड पूलही चारच. जेथे घर मुळीच बंद होत नाही, तेथे वरकड वाट एकही नाही. अशा आकृतीला गणिती वृक्ष म्हणतात, कारण झाडाच्या फांद्या फुटतात पण पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत. हा वृक्ष शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

१७६६ साली दुसऱ्या कॅथरिनच्या बोलावण्यावरून ऑयलर पीटर्सबर्गला परतला, आणि येथून त्याच्या आयुष्याचा सर्वांत कठीण व सर्वांत तेजस्वी भाग सुरू होतो. उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली; थोडे दिवस दिसू लागले; मग जखम चिघळली आणि जवळजवळ पूर्ण अंधार झाला. त्याच वर्षी नगराला आग लागून त्याचे घर जळाले. बाझलच्याच एका कारागिराने आगीत शिरून अंध ऑयलरला पाठीवर घेऊन बाहेर काढले. त्याची हस्तलिखितेही बव्हंशी वाचली. दोन वर्षांनी पत्नी वारली.

चौसष्ट वर्षांचा, अंध, घर गमावलेला मनुष्य. येथे कोणीही लेखणी खाली ठेवली असती, आणि जगानेही त्याला दोष दिला नसता. पण ऑयलरची दृष्टी गेली तरी काम थांबले नाही. कारण कामाच्या दुसऱ्या वाटा त्याने फार पूर्वी तयार ठेवल्या होत्या. पहिली वाट स्मरणशक्तीची. व्हर्जिलचे महाकाव्य त्याला तरुणपणापासून मुखोद्गत होते आणि मोठमोठे आकडे तो मनात धरू शके. दुसरी वाट माणसांची. त्याचा मुलगा योहान आल्ब्रेख्त, आणि क्राफ्ट, लेक्सेल, फुस हे तरुण सहकारी त्याच्या मेजाभोवती बसत. तो सांगे, ते लिहीत, आकडेमोड करीत आणि वाद घालीत. बीजगणितावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ तर त्याने शिवणकाम शिकलेल्या एका नोकरास सांगून उतरवून घेतला. सांगण्याची रीत इतकी सोपी होती की लिहिता लिहिता त्या नोकरालाही बीजगणित आले, असे म्हणतात. १७७२ मध्ये चंद्राच्या गतीवरील सातशेंहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या एकंदर ८६६ लेखनकृतींची यादी पुढे तयार झाली. तीतील जवळजवळ निम्म्या या अखेरच्या, अंधारात गेलेल्या काळातील आहेत. १८ सप्टेंबर १७८३ रोजी लेक्सेलबरोबर नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी बोलणे झाल्यावर, नातवाशी खेळत असता, मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा अंत झाला. त्याने मागे ठेवलेले निबंध अकादमी पुढे कित्येक दशके छापीत राहिली.

अशा पुरुषाच्याही हातून चूक झाली, आणि ती दाखविणाऱ्यांत आपला एक मराठी माणूस होता, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो. आकड्यांच्या एका विशिष्ट प्रकारच्या चौकोनी मांडणीविषयी ऑयलरने १७८२ मध्ये असा तर्क प्रसिद्ध केला की सहा, दहा, चौदा अशा संख्यांसाठी ती मांडणी शक्य नाही. सहापुरता तो खरा ठरला. पण १९५९ साली राजचंद्र बोस, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी बाकीच्यांविषयी तो खोटा असल्याचे दाखविले. नागपुरात शिकलेले श्रीखंडे पुढे १९६३ पासून मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक व विभागप्रमुख होते. २०२० साली, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षात, ते वारले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. स्विच हे ऑयलरचे ठिपके आणि तारा या त्याच्या रेषा. काही सूचना एकासाठी नसून सर्वांसाठी असतात. अशी सूचना आली की स्विच तिच्या प्रती काढून, ती ज्या तारेवरून आली ती सोडून, बाकी सर्व तारांवर पाठवितो. दोन पेट्यांमध्ये एकच तार असेल तोवर हे ठीक. पण दोन तारा झाल्या की घर बंद झाले. पहिल्या तारेने गेलेली सूचना दुसरीने परत येते, तिच्या पुन्हा प्रती निघतात, त्या पुन्हा फिरतात. पाकिटावर ते किती वेळा फिरले याची खूण नसते. म्हणून ही प्रदक्षिणा कधीच संपत नाही. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तारा या निरर्थक वाहतुकीने तुडुंब भरतात आणि खऱ्या संदेशाला जागा उरत नाही. आमच्या वर्गात त्या दिवशी घडले ते हेच. अभियंते याला वादळ म्हणतात.

तर मग वादळाच्या भीतीने दुसरी वाट ठेवूच नये काय? तसे केले तर एक तार तुटताच अर्धा वर्ग आंधळा होईल. या पेचातून मार्ग काढला रेडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीने. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करीत असता १९८५ साली तिने ही रीत प्रसिद्ध केली. तिला स्पॅनिंग ट्री म्हणतात, म्हणजे सर्व ठिपक्यांना व्यापणारा वृक्ष. रीत अशी. प्रत्येक स्विचाला स्वतःचा एक क्रमांक असतो. सर्व स्विच आपापसांत क्रमांक कळवितात आणि ज्याचा सर्वांत लहान तो मूळ ठरतो. मग प्रत्येक जण मुळाकडे जाण्याची आपली सर्वांत स्वस्त वाट निवडतो. निवडलेल्या वाटा मिळून वृक्ष होतो. त्यात एकही घर बंद नसते, म्हणून वादळ उठत नाही. उरलेल्या वाटा उपटून टाकल्या जात नाहीत. त्या मिटून ठेवल्या जातात. त्यांच्यावरून वाहतूक जात नाही, पण त्यांचे कान उघडे असतात. मूळ स्विचाकडून दर दोन सेकंदांनी आपण जागे असल्याची खूण येत असते. ती वीस सेकंद आली नाही, किंवा चालू तार तुटल्याचे प्रत्यक्ष दिसले, की मिटलेली वाट हळूहळू उघडते. उघडताना ती घाई करीत नाही. नवे घर बंद होत नाही ना, हे पंधरा सेकंद ऐकते, कोण कोठे आहे हे आणखी पंधरा सेकंद शिकते आणि मग वाहतूक सुरू करते. २००१ साली निघालेल्या सुधारलेल्या रीतीत हेच काम फार थोड्या वेळात उरकते. आमचे वर्गातील स्वस्त स्विच ही शिस्त शिकलेले नव्हते, म्हणून मुलाचा सद्हेतू वादळ होऊन बसला. दोष दुसऱ्या वाटेचा नव्हता; शिस्तीच्या अभावाचा होता.

तथापि दुसरी वाट असणे आणि ती खरोखर निराळी असणे, यांत फार अंतर आहे. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन मोठ्या केबली तुटल्या. दोन्ही मुंबईस येणाऱ्या. त्या दिवशी मुंबईतील इंटरनेट रखडले आणि वाहतूक पूर्वेकडून, पॅसिफिकच्या लांबच्या फेऱ्याने वळवावी लागली. केबली दोन होत्या, पण एकाच अरुंद जागेतून गेल्या होत्या. म्हणून संकटाच्या वेळी त्या एकीसारख्या झाल्या. कार्ल मेंगर या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९२७ मध्ये याविषयीचा नियमच सिद्ध करून ठेवला आहे. दोन ठिकाणांमधील एकमेकींना कोठेही न शिवणाऱ्या वाटा जितक्या, तितकीच अधली ठिकाणे पाडल्यावाचून त्यांचा संबंध तुटत नाही. मोजावयाच्या त्या अशा न शिवणाऱ्या वाटा. नुसत्या तारा नव्हेत.

हा नियम आम्हांस पुस्तकात वाचण्यापूर्वीच ठाऊक होता, असे म्हटले तर वाचकांस नवल वाटेल. आमचे बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेले. १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या त्या एकशे एकवीस इमारती. प्रत्येकीत ऐंशी खोल्या. एकेक खोली एकशे साठ चौरस फुटांची. आणि सगळ्यांची दारे एकाच सामाईक वाटेवर उघडणारी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही रांगत होतो. पण त्या दिवसांची कथा वडीलधाऱ्यांकडून आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की ती आमचीच आठवण होऊन बसली आहे. ज्या खोलीत बाप आणि मुलगा दोघेही गिरणीत होते, त्या घरचे दोन पगार एकाच दिवशी थांबले. वाटा दोन, पण दोन्ही एकाच फाटकातून जाणाऱ्या. ज्या खोलीत एक जण गिरणीत व दुसरा गोदीत किंवा नगरपालिकेत होता, किंवा गावी चार पायल्या भात पिकविणारा भाऊ होता, किंवा घरची बाई खानावळ चालवीत होती, ते घर वाकले पण मोडले नाही. आणि ज्यांना यांतले काहीच नव्हते, त्यांच्यासाठी शेजारची दारे होती. रात्री कोणाला ताप भरला तर पहिले दार बंद असल्यास दुसरे वाजविता येई.

ऑयलरचे चरित्र वाचताना आम्हांस हीच गोष्ट पुन्हा दिसली. मनुष्याला डोळे दोन आहेत, पण दोन्ही एकाच देहाचे. एक गेल्यावर दुसराही जाऊ शकतो, आणि ऑयलरचा गेला. त्याला तारले ते तिसऱ्या डोळ्याने नव्हे, तर डोळ्याशी संबंधच नसलेल्या वाटांनी: पाठांतराने, कानाने आणि इतरांच्या हातांनी. शिवाय या वाटा त्याने अंधार पडल्यावर शोधल्या नाहीत. पाठांतर तरुणपणी झाले होते. मुलाला शिकवून ठेवले होते. विद्यार्थी जोडलेले होते. तार तुटल्यावर दुसरी तार आणावयास बाजारात जाणारा मनुष्य अंधारातच बसतो.

बीडीडी चाळींच्या जागी आता उंच इमारती उठत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्यांनी तीन पिढ्या एकशे साठ फुटांत काढल्या त्यांना हा आनंद हक्काचा आहे, आणि आम्ही त्यात मनःपूर्वक सहभागी आहोत. आमची चिंता एवढीच की, बंद होणाऱ्या दाराबरोबर शेजारची वाट मिटून जाऊ नये. ती रोज वापरली नाही तरी चालेल; पण तिचे कान उघडे असावेत.

फजितीची अखेर सांगून हे चरित्र पुरे करतो. यंदा एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस दोन स्विच आणून दिले; जुने, परंतु शिस्त जाणणारे. आम्ही त्याच मुलाला बोलावून पहिली तार जोडावयास सांगितली, आणि मग दुसरी. वादळ उठले नाही. दुसऱ्या तारेचा दिवा पिवळा होऊन स्वस्थ राहिला. मग आम्ही त्याला चालू असलेली पहिली तार उपटावयास सांगितले. तो क्षणभर बिचकला, कारण गतवर्षीची आठवण ताजी होती. पण त्याने ती उपटली. संगणक मुके झाले. सारा वर्ग मोठ्याने आकडे मोजू लागला. तिसाच्या पुढे एक-दोन आकडे गेले असतील नसतील, तोच पिवळा दिवा हिरवा झाला आणि संगणक पुन्हा बोलू लागले. ऑयलरची तसबीर त्या वर्गात नाही. ती लावावी, अशी सूचना त्या मुलानेच केली आहे.